नर राखला, पण मादीचं काय? – पेन्सिल्व्हेनियातला तीन फाट्यांचा नियम

कासपठार

'तिकडे हरणं मारायला सरकार परवानगी कशी देतं' असा प्रश्न मागे एका धाग्यावर आला होता. तिथे अवांतर झालं असतं म्हणून इथे वेगळं लिहिते. मी मध्य पेन्सिल्व्हेनियात 18 वर्षं राहते आणि गेली 6 वर्षं शिकारीचं लायसन्स काढते. आमच्या शेजारचे आजोबा शेतकरी आहेत. त्यांच्या मक्याच्या शेतामागे जे रान आहे, तिथे त्यांच्या परवानगीने बसते.

मागच्या हंगामाची एक सकाळ सांगते, म्हणजे नियम म्हणजे काय ते कळेल. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, रायफलच्या हंगामाचा पहिला दिवस. अंधारातच मचाणावर चढले. डोक्यावर, छातीवर, पाठीवर भडक नारिंगी कापड, कारण ते सक्तीचं आहे. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडायला मुभा असते, पण त्या उजेडात शिंग आणि फांदी यातला फरक कळत नाही. सव्वासातच्या सुमाराला सुकलेल्या गवतातून एक नर बाहेर आला. माझ्यापासून चाळीसेक पावलांवर उभा राहिला, नाकातून वाफ निघत होती.

मी दुर्बिणीतून फाटे मोजायला लागले. आमच्या भागात एका बाजूच्या शिंगाला निदान तीन टोकं हवीत. शिंगाच्या मुख्य दांडीचं टोक, एक. मध्ये वर गेलेला फाटा, दोन. भुवईजवळ एक खुंट दिसत होता. टोक म्हणून धरायला तो बुडापासून किमान एक इंच भरला पाहिजे. तो इंचभर होता की पाऊण इंच? नराने मान वळवली, तर मागच्या ओकची डहाळी त्याच्या शिंगात मिसळली. पुन्हा वळला, पुन्हा मोजलं. चार-पाच मिनिटं हेच चाललं होतं. शेवटी मी रायफल खाली केली आणि तो ओढ्याकडे निघून गेला. शंका असेल तर झाडायची नाही, हे मला आजोबांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

हा नियम 2002 सालचा. त्याआधी एका शिंगाला दोन टोकं किंवा नुसतं 3 इंचांचं सरळ शिंग असलं तरी नर मारता यायचा. परिणाम असा की मारल्या जाणाऱ्या नरांपैकी दहातले आठ जेमतेम दीड वर्षाचे असायचे. म्हणजे पहिली शिंगं फुटली की तो गेलाच. पूर्ण वाढ झालेला नर रानात दिसणं दुर्मीळ झालं होतं. तेव्हा राज्याच्या गेम कमिशनमध्ये (शिकार आणि वन्यप्राण्यांचं खातं) हरणांची जबाबदारी गॅरी ऑल्ट या जीवशास्त्रज्ञांकडे होती, आधी ते अस्वलांवर काम करायचे. त्यांनी गावोगाव सभा घेऊन हे समजावलं. राज्याच्या बहुतेक भागात तीन टोकं, पश्चिमेकडे चार. पश्चिमेचा नियम 2011 मध्ये बदलून 'भुवईचा फाटा सोडून तीन' असा केला. लहान मुलं, अपंग शिकारी आणि सक्रिय सैनिक यांना यातून सूट आहे. नर मात्र सगळ्यांनाच वर्षाला एकच.

नियमाचा उद्देश साधला का? साधला. दीड वर्षाच्या नरांपैकी बरेच मारण्याजोगे ठरले नाहीत, पुढचा हिवाळा पाहू लागले. आज मारल्या जाणाऱ्या नरांपैकी साधारण दोन तृतीयांश अडीच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतात.

पण मला जे सांगायचंय ते पुढे आहे. या नियमाने कळपाचं वय बदललं. कळपाची संख्या त्याने कमी होत नाही, होणारही नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो. संख्या ठरते ती माद्यांवर. आणि आमच्या जंगलाचा प्रश्न संख्येचा आहे.

आजोबांच्या रानात चला माझ्याबरोबर. वर मोठमोठे ओक, मेपल. खाली गुडघाभर नेचे, जिकडेतिकडे नेचेच. मधल्या वयाचं झाडच नाही. ओकचं रोप दोन पानांचं झालं की हरिण खातं. नेचे त्यांना आवडत नाहीत, म्हणून तेवढे उरले. एका कोपऱ्यात आजोबांनी 8 फूट उंच जाळीचं कुंपण घातलंय, अर्धा गुंठाही नसेल. त्याच्या आत ओकची रोपं माझ्या खांद्याला लागतात. आत आणि बाहेर माती तीच, पाऊस तोच.

इथल्या सरकारी वनसंशोधकांनी अ‍ॅलेघनी भागात मोठी कुंपणं घालून, चौरस मैलाला 10, 20, 40 आणि 80 अशी हरणं ठेवून जंगलाचं काय होतं ते 10 वर्षं पाहिलं. हरणं वाढत गेली तशी रोपांची विविधता घटली, नेचे माजले. त्यामुळे ऑल्ट यांच्या काळात नरांच्या नियमाबरोबर माद्यांची लायसन्सही भरपूर वाढवली होती. लोकांना पहिला अर्धा भाग आवडला. दुसऱ्यावर इतका राग धरला की अजूनही इथल्या हॉटेलात सकाळी कॉफी पिताना विषय निघाला की आवाज चढतात.

त्या रागामागे इतिहास आहे. 1900 च्या आसपास या राज्यात हरणं जवळपास संपली होती. दुसऱ्या राज्यांतून आणून सोडली. 1907 साली कायदाच केला की फक्त शिंगं असलेला नर मारायचा, मादी नाही. तो कायदा कळप परत आणण्यासाठी होता आणि त्याने कळप परत आणला. पण 'मादी मारणं हे पाप' ही समजूत तीन पिढ्या टिकली. आजोबांचं वय 78. त्यांनी आयुष्यात एकही मादी मारलेली नाही. ज्या रानातला ओक उगवत नाही म्हणून ते हळहळतात, त्याच रानात.

---

अवंती_नाशिक

खूप मनापासून लिहिलंय, वाचताना थंडी जाणवली. पण एक विचारू का ताई? मारणं याला 'व्यवस्थापन' म्हणायला माझं मन तयार होत नाही. लांडगे परत आणा, माद्यांना गर्भनिरोधक द्या. बंदूकच का?

---

कासपठार

अवंती, विचारलंस ते बरं केलंस, मलाही पहिली दोन वर्षं हाच प्रश्न पडायचा.

लांडगे आणि कुगर (डोंगरी सिंह) इथून एकोणिसाव्या शतकातच संपवले माणसांनी. कायोटी (लांडग्याचा लहान भाऊबंद) आणि काळी अस्वलं आहेत, ती पाडसं उचलतात, पण धडधाकट मोठी मादी फारशी त्यांच्या हाती लागत नाही. शेतं, वस्त्या, हमरस्ते यांच्यामधून लांडग्यांचे कळप पुन्हा वसवणं आमच्या राज्यात कुणाला जमेल असं वाटत नाही.

गर्भनिरोधकाचे प्रयोग झालेत. न्यूयॉर्कच्या फायर आयलंडवर 1993 पासून माद्यांना लस दिली. स्टेटन आयलंडवर 2016 पासून नरांची नसबंदी करतात. दोन्ही बेटं आहेत हे लक्षात घे. बाहेरून नवे नर सहज येत नाहीत, म्हणून तिथे निदान प्रयत्न करता येतो. मोकळ्या रानात दहापैकी नऊ नरांची नसबंदी केली तरी उरलेला एक किती माद्यांपर्यंत पोचेल? परत तेच, संख्या नरावर ठरत नाही.

मारल्यावर माझे हात थरथरतात, अजूनही. ते थांबावं असं मला वाटत नाही. मांस आम्ही वर्षभर खातो. जास्तीचं 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' मार्फत अन्नछत्रांना जातं, 1991 पासून चालू असलेली योजना आहे ती.

---

डेल्टावाला

वाचतोय. मी मिसिसिपीत आहे, शिकारी नाही, पण वनशास्त्राशी संबंधित काम करतो. फाटे मोजण्याच्या नियमातला एक धोका इथे फार आधी कळला, तो सांगतो.

मिसिसिपीने 1995 साली नियम केला की दोन्ही शिंगं मिळून निदान चार टोकं हवीत. पेन्सिल्व्हेनियाच्या सात वर्षं आधी. हेतू तोच, कोवळे नर वाचवणे. पण दीड वर्षाच्या नरांमध्येही काहींना सहा-आठ टोकं येतात आणि काहींना नुसते दोन सुळे, म्हणजे न फुटलेली सरळ शिंगं. कारण कुणाची आई सुपीक पट्ट्यातली, कुणी मे महिन्यात जन्मलेला तर कुणी ऑगस्टमध्ये. आता या नियमाने काय झालं? त्या वयोगटातला जोमदार नर कायद्याने मारण्याजोगा ठरला आणि खुरटलेला वाचला. काही वर्षांनी मोजणी केली तेव्हा काही भागांत, मोठ्या वयाच्या नरांची शिंगं आधीच्या पिढ्यांपेक्षा लहान निघाली. वंश बिघडला असं नाही. चांगले आधीच निघून गेले, मागे राहिलेल्यांचीच सरासरी आपण मोजत होतो.

म्हणून 2009 मध्ये टोकं मोजणं सोडलं. आता दोन शिंगांमधलं आतलं अंतर 10 इंच किंवा मुख्य दांडी 13 इंच. सुपीक डेल्टात 12 आणि 15. दीड वर्षाच्या पोराकडे टोकं असू शकतात, पण एवढी रुंदी सहसा नसते.

---

सॅनअँटोनियोकर

+1. टेक्साससुद्धा रुंदीवर गेलं. 2002 साली सहा काउंट्यांत (जिल्ह्यांत) सुरुवात झाली, आतलं अंतर किमान 13 इंच. हेच माप घेण्याचं कारण मला फार आवडतं: हरिण सावध होऊन कान उभारून बघतं तेव्हा एका कानाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण 13 इंच भरतात. शिंगं कानांच्या बाहेर गेलेली दिसली तर नर चालेल. टेप लागत नाही, अंधुक उजेडातही कळतं. ताईंच्या त्या पाऊण इंचाच्या खुंटासारखी घालमेल होत नाही.

पण आमच्याकडे न फुटलेलं, सरळ शिंग असलेला नरही मारता येतो, जो पेन्सिल्व्हेनियात राखलेला आहे. 'सुळ्या शिंगाचा तो कायमचा निकृष्ट, काढून टाका, म्हणजे वंश सुधारेल' हा विचार इथे खोल रुजलाय. आमच्या ओळखीतल्या एका रँचमालकांनी त्यापायी बरेच पैसे घालवले.

---

डेल्टावाला

त्याचंही उत्तर तुमच्याच राज्यात मिळालंय. दक्षिण टेक्सासमधल्या कमांचे रँचवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून जाळी टाकून नर पकडले, शिंगं मोजली, ज्यांची कमी भरली ते काढून टाकले. शिंगं मोठी झाली नाहीत. निम्मे गुण आईकडून येतात आणि आईला शिंगंच नसतात, तिची निवड कशी करणार? शिवाय एकच दांडगा नर सगळी पाडसं जन्माला घालतो हा समज चुकीचा. अनेक नर थोडी थोडी पाडसं घालतात, कोवळे नरसुद्धा. शिंगाचा आकार वय, चारा आणि वंश या तिन्हींवर ठरतो. पैकी वय आणि चारा एवढंच माणसाच्या हातात आहे. चारा म्हणजे पुन्हा संख्या, आणि संख्या म्हणजे पुन्हा माद्या. ताईंचा मुद्दा या बाजूनेही तिथेच येतो.

---

वऱ्हाडी_कास्तकार

यवतमाळवरून लिहून राहिलो. आमच्याकडे रोही आन् रानडुकरानं तूर, हरबरा उभा खाऊन टाकला. रातभर जागल करतो आम्ही. परवाना देतात म्हणे वनखात्यावाले, पण कागद येईस्तोवर पीक राहत नाही. तुमच्याकडं शिंगं मोजून मारतात तसं इथं करता येईल का?

---

कासपठार

दादा, तुमची जागल मी समजू शकते, माझं माहेर शेतकऱ्याचंच. पण हा नियम तिथे जसाच्या तसा लागू होणार नाही, आणि कारण शिंगातच आहे.

इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिंगं दरवर्षी हिवाळ्यात गळतात, वसंतात मखमली कातडीखाली नवी फुटतात, शरदात ती कातडी घासून काढतो. चितळ-सांबरही शिंगं टाकून नवी घालतात. रोही मात्र हरीण नाही, काळविटाच्या गोतातला. त्याचं शिंग गळत नाही, त्याला फाटे नसतात. मोजायला काही नाहीच. रानडुकराचं तर सोडाच.

दुसरं म्हणजे इथे शिकार कायदेशीर आहे. लाखो लोक लायसन्स काढतात, त्या पैशाचा खातं चालवायला मोठा हातभार लागतो, कोणत्या विभागात किती माद्या मारायच्या ते दरवर्षी ठरतं. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने चौकटच वेगळी आहे. आणि ती असायला हवी होती, नाहीतर माळढोकासारखं बरंच काही आणखी लवकर गेलं असतं. तुमच्याकडचा प्रश्न नुकसानभरपाई वेळेत मिळण्याचा आणि कुंपणाचा आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. इथे खोटी आशा दाखवत नाही.

---

स्पष्ट_बोलतो

मला हा नियम शोभेच्या शिंगांसाठी केलेला वाटतो. भिंतीवर मोठं डोकं लावायची हौस, त्याला विज्ञानाचं नाव. आणि ज्याला फक्त घरात मांस हवंय त्या गरीब माणसाने तीन टोकांची वाट बघत रिकाम्या हाताने घरी जायचं?

---

मॅडिसनकर

रिकाम्या हाताने कशाला जायचं? मादीचं लायसन्स काढता येतं, मांस तेवढंच मिळतं. उलट विस्कॉन्सिनने एकदा थेट हाच धागा पकडला होता: 'अर्न अ बक', आधी मादी मारा, मग नराचा हक्क कमवा. 1996 मध्ये काही विभागांत सुरू केलं. मला आठवतं, नोंदणीच्या ठिकाणी लोक आधी मादी आणायचे, शिक्का मारून घ्यायचे, मग नराच्या मागे. कळप खरंच कमी झाला. माझ्या माहितीत याच्याइतका परिणामकारक नियम दुसरा नव्हता. आणि याच्याइतका नावडताही नव्हता. समोर दहा टोकांचा नर उभा आणि हातात मादीची नोंद नाही, म्हणून सोडावा लागला, असं ज्याच्याबरोबर झालं तो ते जन्मभर विसरत नाही. 2011 मध्ये विधिमंडळाने कायदा करून तो नियमच बंद केला.

आणखी एक गोष्ट धाग्यात आली नाही म्हणून लिहितो. 2002 साली आमच्याकडे हरणांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग सापडला. प्रथिनाचा रोग, औषध नाही, लस नाही, मातीत वर्षानुवर्षं टिकतो. मोठ्या नरांमध्ये त्याचं प्रमाण माद्यांपेक्षा बरंच जास्त असतं, कारण माजावर आलेले नर लांबवर फिरतात, अनेकांशी संपर्क येतो. मग नर मुद्दाम मोठे होऊ देणं हे अशा भागात आगीत तेल. मिसुरीने रोग सापडलेल्या काउंट्यांमध्ये टोकांचा नियम काढून टाकला, तो याचसाठी.

---

कासपठार

मॅडिसनकर, आभार. तो रोग आमच्याकडेही 2012 पासून आहे, आधी बंदिस्त फार्ममध्ये सापडला, मग रानात. आमच्या शेजारच्या विभागात मारलेल्या हरणाचं डोकं तपासणीसाठी ठेवायच्या पेट्या आहेत. मी दरवेळी देते. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये वेगळं ठेवते. नियम कुठे, कोणत्या काळात लावला यावर तो बरा की वाईट ते ठरतं, हे मला मान्य.

स्पष्ट_बोलतो, भिंतीवरच्या डोक्यांची हौस आहेच लोकांना, नाकारत नाही. न्यूयॉर्क राज्याने सक्ती मोठ्या प्रमाणावर न वाढवता 'कोवळे नर स्वतःहून सोडा' असं आवाहन करायचं ठरवलं, तोही एक मार्ग. पण मला विचाराल तर वाईट शिंगांच्या हौसेचं वाटत नाही. वाईट याचं वाटतं की नर सोडला की माणसाला आपण कळपासाठी काहीतरी केलं असं समाधान मिळतं आणि तो तिथेच थांबतो. नर सोडून रिकाम्या हाताने घरी जाणारा आणि पाठीमागच्या तीन माद्यांकडे न बघणारा माणूस जंगलासाठी काही करून गेलेला नसतो. मी स्वतः पहिली दोन वर्षं तशीच जात होते.

---

अवंती_नाशिक

ताई, एक शेवटचं. नराचं वय शिंगावरून नक्की कळत नाही म्हणता. मादीला तर शिंगंच नाहीत. मग वय कसं ओळखतात?

---

कासपठार

दातांवरून. हे मी आजोबांकडून शिकले.

माझी मुलगी 13 वर्षांची आहे. तिला सूट असल्याने सरळ शिंगाचा नरही चालला असता. यंदा ती माझ्याबरोबर मचाणावर होती आणि तिच्यासमोर तसा एक आला. तिने माझ्या कानात विचारलं, "आई, त्या मागच्या दोघींपैकी घेतली तर?" मादीचं लायसन्स तिच्या नावावर होतं. तिने मागची मोठी घेतली.

संध्याकाळी आजोबांच्या गोठ्यात टॉर्च लावून जबडा उघडला. खालच्या जबड्यात गालाकडचे दात मोजायचे. पुढून तिसरा दात बघायचा. दीड वर्षाच्या हरणात तो दुधाचा दात असतो, त्याला तीन उंचवटे असतात, झिजून हलायला लागलेला. पक्का दात आला की दोनच उंचवटे. त्यापुढचं वय मागच्या दाढांच्या झिजेवरून: पांढऱ्या कडांच्या मधली तपकिरी रेघ जितकी रुंद तितकं जनावर जुनं. मुलीने स्वतः बोट फिरवून मोजलं. तिसऱ्या दाताला दोन उंचवटे. दाढेवरची रेघ अजून बारीक होती.

आजोबांकडे 1960 च्या दशकापासूनची वही आहे, त्यांनी स्वतः मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद असलेली. त्यात आजवर एकही मादी नव्हती. आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग चष्मा लावून पेन मुलीच्या हातात दिलं आणि कुठल्या रकान्यात लिहायचं ते दाखवलं. तिने लिहिलं: मादी, अडीच वर्षं, कुंपणाजवळ.